घाटरस्त्याला आलेलं स्थळ

आमच्या गावात चित्र विकत घेता येत नाही, चित्राला आपण पसंत पडावं लागतं, आणि बघण्याचा कार्यक्रम महिन्यातल्या एका शनिवारी कलादालन बंद झाल्यावर होतो. पूर्वी म्हणे लोक दुकानात शिरावं तसे आत शिरायचे, बोट दाखवायचे आणि चित्र काखोटीला मारून घरी न्यायचे. मग चित्रं परत यायला लागली. कुणाला जिन्याखाली टांगलं होतं, कुणाच्या शेजारी फ्रीज रात्रभर घरघरत होता, एका जलरंगाला तर देव्हाऱ्यासमोर लावून रोज उदबत्तीचा धूर दिला होता. तेव्हापासून ही पद्धत पडली, आणि खरं सांगायचं तर ती रास्तच आहे.

मी विश्राम पोवार. कोल्हापुरात माझं पाण्याच्या पंपांच्या सुट्या भागांचं दुकान आहे. चित्रकलेशी माझा संबंध म्हणजे शाळेत एकदा केळं काढलं होतं, आणि मास्तर 'मासा बरा आलाय' म्हणाले होते. तरीही त्या शनिवारी मी इस्त्रीचा शर्ट घालून, बायकोला घेऊन कलादालनाच्या पायऱ्या चढलो, ते आप्पांसाठी.

आप्पा म्हणजे माझे वडील. न्हाणीघरात घसरून पडल्यापासून ते भाड्याने आणलेल्या चाकांच्या पलंगावर पाठीवर पडून आहेत. कुशीवर वळता येत नाही, त्यामुळे समोर दिसते ती एकच भिंत, आणि ती पांढरी.

"इश्राम, ह्या भिताडावर कायतरी लाव बाबा," ते एक दिवस म्हणाले. "नुसता चुना बघतोय मी."

मी टीव्ही लावला. "ह्यात सगळी वराडत्यात," म्हणून त्यांनी तो बंद करायला लावला. मग कॅलेंडर लावलं. ते त्यांनी मला पानं उलटायला लावून पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचून काढलं आणि म्हणाले, "दिवाळी कधी ते कळलं. आता?" त्यानंतर आप्पा हळूहळू बोलेनासे झाले. जेवतानासुद्धा डोळे मिटून जेवायचे. मला त्याची फार भीती वाटायला लागली. माणूस आजारी असला तर औषध देता येतं, पण त्याला काही बघावंसंच वाटत नसलं तर काय करायचं, हे कुठल्या डॉक्टरने सांगितलेलं नाही.

म्हणून चित्र. माझी बायको कुंदा कलादालनात जाऊन एक चित्र हेरूनही आली होती. तयारीसाठी आम्ही तिच्या बंडामामांना बोलावलं. बंडामामांनी निम्म्या तालुक्याची लग्नं जमवली आहेत. चित्रांचा त्यांना अनुभव नव्हता, पण बघण्याचा कार्यक्रम इथून तिथून सारखाच असतो, असं त्यांचं मत पडलं.

"हे बघा जावईबापू," ते बशीतला चहा फुंकत म्हणाले, "घरातलं आजारपण काढायचं न्हाई. म्हातारं माणूस अंथरुणाला खिळलंय म्हटलं, की समोरची पार्टी उठलीच म्हणून समजा. विचारलं तर सांगायचं, आम्ही राजा-राणी दोघंच."

हे आम्हाला पटलं. आमच्याकडे सगळे असंच करतात. माझ्या लग्नात माझी आत्या वरच्या खोलीत खोकत होती, तेव्हा कुंदाच्या माहेरच्यांना 'वर गिरणीवाल्याचं कायतरी चालू असतं' असं सांगितलेलं होतं.

तर कलादालनात शिरताच संयोजक उल्का मोहिते यांनी आमच्या छातीवर पाट्या लावल्या. सुती साडी, मोठं कुंकू आणि न चढणारा आवाज अशा या बाई. पाटीवर लिहिलं होतं, 'विश्राम व कुंदा पोवार. मध्यम आकार. भिंत पूर्वेची, ओल नाही.' दालनात तीसेक माणसं अशा पाट्या लावून घोळक्याने उभी होती. एका कोपऱ्यात कोकम सरबत आणि भडंग ठेवलं होतं. तळणीचा वास तेलरंगांना सोसत नाही, म्हणून या कार्यक्रमात भजी नसतात. एक मुलगी सतार वाजवत होती. एकूण वातावरण इतकं छान होतं, की आपण इथे परीक्षेला आलोय हे मी क्षणभर विसरलो.

"कृपया सर्वांनी दाराकडे तोंड करावं," उल्काताई म्हणाल्या. "चित्रं उतरत आहेत."

आम्ही दाराकडे तोंड केलं. चित्रं खिळ्यावरून कशी उतरतात ते बघायचं नसतं, एवढं सौजन्य सगळेच पाळतात. मागे लाकडाची टकटक झाली, एकदा काहीतरी धपकन आदळलं आणि कोणीतरी "जपून" म्हणालं. मग आम्हाला वळायला सांगितलं, आणि आम्ही सगळे आपापल्या रिकाम्या खिळ्याखाली पाठ टेकून उभे राहिलो. चित्रं आमच्यापुढून सावकाश फिरू लागली.

आधी आलं ते एका फेटेवाल्या वकिलांचं मोठं व्यक्तिचित्र. त्यांना कुठेही जायचं नसतं, केवळ चार माणसांत मिसळायला उतरतात. माझ्यासमोर ते बराच वेळ थांबले.

"चौकट जरा सैल पडली आहे," माझ्या पोटाकडे बघून ते शेवटी म्हणाले.

"वयाप्रमाणे," मी म्हटलं.

"रंग मात्र टिकलाय," असं कुंदाला म्हणून ते पुढे गेले. कुंदा नंतर घरी जाईपर्यंत खुशीत होती.

त्यांच्यामागून एक अमूर्त चित्र आलं, ते काही न बोलता माझ्याकडे बघून हसलं. आणि मग आम्ही जिच्यासाठी आलो होतो ती पार्टी आली.

तो घाटरस्ता होता. तेलरंगातला, दोन हात रुंद. एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला पांढऱ्या रंगाचे दगड लावलेले, मधून काळा रस्ता उतरत जातो आणि वळतो. वळणापलीकडचं दिसत नाही. माणूस नाही, गाडी नाही, पक्षीसुद्धा नाही. हा घाटरस्ता चोखंदळ म्हणून गावभर प्रसिद्ध होता. एका प्राचार्यांना त्याने 'तुम्ही माझ्याकडे बघताना काचेतलं स्वतःचं प्रतिबिंब बघता' म्हणून परत पाठवलं होतं.

आमच्या शेजारच्या खिळ्याखाली नेर्लेकर उभे होते. महामार्गावर त्यांचं हॉटेल आहे. अंगठ्या आहेत, पण माणूस दिलदार. घाटरस्ता आधी त्यांच्यापुढे थांबला.

"माझ्यात आपल्याला काय दिसतं?" त्याचा आवाज खालच्या पट्टीतला आणि जरा धुळकट होता.

"अवकाश," नेर्लेकर म्हणाले. "आणि गती."

"ठेवाल कुठे?"

"लॉबीत. संगमरवरी भिंत, वर दिवा, एसी. रोज दीडशे माणूस पुढनं जातं."

"जातं हे कळलं. थांबतं कोण?"

"थांबतात की. लिफ्ट येईपर्यंत."

घाटरस्ता विचारात पडला. "लिफ्ट हळू आहे का?"

"पोरं लई बटणं दाबत्यात. हळूच म्हणायची."

हे उत्तर चित्राला आवडलं, ते माझ्या लक्षात आलं. मग ते आमच्याकडे वळलं.

"माझ्यात आपल्याला काय दिसतं?"

"अवकाश," मी म्हटलं.

"आज सगळ्यांना अवकाशच दिसतंय," चित्र उल्काताईंना म्हणालं. उल्काताईंनी मान हलवली. "बरं. घरी कोण कोण असतं?"

"आम्ही राजा-राणी दोघंच," मी बंडामामांच्या चालीवर म्हटलं. कुंदाने माझ्याकडे बघितलं नाही.

"दोघंही घरी असता?"

"छे छे. मी दुकानात, ही बालवाडीत. दोघंही संध्याकाळीच येतो."

"म्हणजे दिवसभर मी रिकाम्या खोलीकडे बघायचं."

"पंखा चालू ठेवू," मी म्हटलं. याहून मूर्ख वाक्य मी आयुष्यात बोललो असेन, पण आत्ता आठवत नाही.

"तुम्ही सज्जन माणसं आहात," घाटरस्ता म्हणाला. "योग नाही, असं समजा."

ज्यांनी बघण्याचे कार्यक्रम केले आहेत, त्यांना 'सज्जन'चा अर्थ सांगायला नको. उल्काताईंनी पर्समधून लाल टिकल्यांचं पाकीट काढलं. चित्राने पसंती दिली, की त्या माणसाच्या पाटीवर लाल टिकली लावतात आणि मग बोलणी संपतात. नेर्लेकरांनी छाती पुढे केली. माझ्या डोळ्यांसमोर आमची पांढरी भिंत आली, आणि तिच्यापुढे मिटलेले डोळे आले. आता घरी जाऊन काय सांगायचं, हे मला सुचेना.

"थांबा ओ," कुंदा म्हणाली.

सतार थांबली.

"घरात आणखी एक माणूस आहे. माझे सासरे. जन्मभर गुळाचा ट्रक चालवला त्यांनी, घाटातनं खाली कोकणात, परत वर. आता पडून असतात. उठता येत नाही, वळता येत नाही. आम्ही लपवलं, कारण आमच्यात लपवतात. चित्र त्यांच्यासाठीच पाहिजे. आमच्यासाठी कशाला? आम्हाला भिंतीकडं बघायला वेळ कुठं असतो!"

दालनात कुजबुज झाली. आमच्या डाव्या बाजूचं जोडपं सवयीने एक पाऊल लांब सरकलं. "हे आधीच सांगायला हवं होतं," उल्काताई म्हणाल्या, आणि मी खाली मान घातली.

"पडून असतात म्हणजे," घाटरस्त्याने विचारलं, "दिवसभर?"

"दिवसभर," कुंदा म्हणाली. "रात्री झोप नसते, तेव्हा रात्रीसुद्धा."

"आणि तोंड?"

"त्याच भिंतीकडे."

"मधे लिफ्ट वगैरे?"

"काही नाही."

चित्राच्या चौकटीतून लाकूड तापल्यावर होतो तसा बारीक आवाज आला. "मला घर बघायचं आहे," ते म्हणालं.

नियमाप्रमाणे चित्र अशी मागणी करू शकतं, आणि ती त्याच दिवशी पुरी करावी लागते. प्रश्न वाहनाचा होता, कारण मी स्कूटर आणली होती. नेर्लेकरांनी खिशातून किल्ली काढली. "माझ्या गाडीतनं चला," ते म्हणाले. "माझ्या दीडशे माणसांवर भारी पडणारा एक माणूस कोण, तो मलाबी बघू दे." मी त्यांचे आभार मानायला गेलो, तर त्यांनी माझ्या हातावर मूठभर भडंग ठेवलं.

घाटरस्ता पुढच्या सीटवर बसला. मागे बसलं की त्याला मळमळतं. उल्काताईंनी त्याला पट्टा लावला, आणि आम्ही तिघं मागे कोंबून बसलो. रस्ताभर तो खिडकीतून बाहेर बघत होता. दसरा चौकात सिग्नल लागला तेव्हा त्याने नेर्लेकरांना विचारलं, "हे सगळे कुठे चाललेत?" नेर्लेकर म्हणाले, "जेवायला." मग दोघंही हसले. त्यांचं चांगलं जमलं होतं, आणि माझी धाकधूक परत वाढली.

घरी शेजारच्या मालुताई आप्पांजवळ बसल्या होत्या. दारातून चित्र आलेलं बघून त्यांनी डोक्यावर पदर घेतला आणि चहा ठेवायला आत गेल्या. आम्ही घाटरस्त्याला आप्पांच्या समोर खुर्चीवर बसवलं. आप्पांचे डोळे मिटलेलेच होते.

"आप्पा, पाहुणे आलेत."

"येऊ देत," ते डोळे न उघडता म्हणाले. "पाय दिसत्यात न्हवं माझं? जाऊ दे बघून."

"आप्पा, डोळे उघडा की," कुंदा म्हणाली.

त्यांनी उघडले. बघितलं. आतून मालुताईंच्या पातेल्याचा आवाज येत होता.

"माझ्यात आपल्याला काय दिसतं?" घाटरस्त्याने विचारलं. मला वाटतं, त्याचा आवाज थोडा कापत होता.

आप्पांनी पांघरुणाखालून उजवा हात काढला, छातीवर आणला, आणि तोंडाने मोठ्यांदा आवाज केला. "पॉंऽऽ! पॉंऽऽ!"

उल्काताई दचकल्या. "काय झालं त्यांना?"

"वळान हाय ते," आप्पा म्हणाले. "वळणावर हारन द्यायचा असतोय, बाई. पलीकडनं कोण येतंय काय ठावं?"

चित्राची चौकट पुन्हा करकरली. "आजपर्यंत कुणीही दिला नव्हता," ते म्हणालं.

"मग कसली माणसं येत्यात रं तुझ्याकडं?" आप्पांनी विचारलं. पुष्कळ दिवसांनी ते एवढी वाक्यं सलग बोलले होते. मी भिंतीला टेकून उभा राहिलो. "कुठला घाट तू?"

"काढणाऱ्याने सांगितलं नाही."

"असू दे. खाली काय हाय, वळणाच्या पलीकडं?"

"मलाही माहीत नाही. मला इथपर्यंतच काढलंय."

"ते बघू आपण," आप्पा म्हणाले.

मग घाटरस्त्याने रीतसर प्रश्न विचारले. ओल आहे का? आप्पा म्हणाले, "न्हाई. मलाबी चालत न्हाई ओल." ऊन किती येतं? "सकाळी जरा. पायापातूर." आणि तुम्ही झोपलात, की?

"मी झोपलो की तू बघ," आप्पा म्हणाले. "गाडीकडं कुणीतरी बघाय नको व्हय? ड्रायव्हर झोपला की क्लीनर बघतोय, तसं."

चित्राच्या मनात काय चाललं होतं कोण जाणे. तेवढ्यात आप्पांनी डोकं उशीवरून जितकं उचलता येईल तितकं उचललं.

"आता माझं एक," ते म्हणाले. "सरळ सांग. ऱ्हाणार हायस, का बघून जाणार? बघून जायाला डॉक्टरबी येत्यात, पावणंबी येत्यात. भिताड तेवढं ऱ्हातंय. जाणार असलास तर मला आत्ताच डोळं मिटू दे."

कुंदा सरळ रडायला लागली. नेर्लेकर छताकडे बघत होते.

"राहीन," घाटरस्ता म्हणाला.

उल्काताईंनी टिकली काढली, पण आप्पांना पाटी नव्हती. नियमात याची सोय नाही, असं त्या म्हणाल्या, आणि मग त्यांनी ती आप्पांच्या गंजीफ्रॉकवर छातीशी चिकटवली. इंजन तापल्याचा लाल दिवा तपासावा तशी आप्पांनी ती चाचपून बघितली. "गरम न्हाई," असं काहीतरी म्हणाले. मालुताई चहा घेऊन आल्या. चित्राला विचारलं, तर ते घेत नाही म्हणालं.

खिळा नेर्लेकरांनीच ठोकला. बूट काढून, अंगठ्या खिशात टाकून ते स्टुलावर चढले. "लॉबीत आरसाच लावतो आता," ते तोंडात धरलेल्या खिळ्याआडून म्हणाले. "लिफ्ट येईपर्यंत लोकांना तेवढंच पुरतंय." आम्ही सगळ्यांनी दाराकडे तोंड केलं. मागे टकटक झाली, एकदा भिंतीला काहीतरी घासलं, आणि आम्ही वळलो तेव्हा घाटरस्ता भिंतीवर होता, बरोबर आप्पांच्या नजरेच्या रेषेत.

आप्पा बघत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर किती दिवसांनी तो कामावर निघाल्यासारखा रागीट भाव आला होता. मला इतका आनंद झाला, की मी उल्काताईंना उगाचच दोनदा चहा विचारला.

मग आप्पांनी परत हात छातीवर घेतला. "पॉंऽऽ! पॉंऽऽ!"

आम्ही हसलो. हसू थांबलं, तेव्हा वळणाच्या पलीकडून, लांबून, एक जड भोंगा वाजला. पुन्हा वाजला.

"आली," आप्पा म्हणाले. "खालनं भरून येतीया. इंजन ऐका की कसं धापलंय." त्यांनी कान दिला. मग माझ्याकडे न बघताच हाताने खूण केली. "इश्राम, बघत काय हुबा ऱ्हायलायस? चढणीच्या गाडीला आधी वाट द्यायची. गाडी मागं घे."

मी पलंगाच्या चाकांची अडकणी सोडली. कुंदाने खुर्ची बाजूला केली, नेर्लेकरांनी स्टूल उचललं, उल्काताईंनी साडी आवरून घेतली. मी आप्पांना हातभर मागे ओढलं आणि आम्ही सगळे कडेला होऊन थांबलो.